गवत कापताना ट्रॅक्टरची रेस किती ठेवायची?

पावसाळ्यात संत्र्याच्या बागेत गुडघाभर गवत होतं, मग ट्रॅक्टरला स्लॅशर (आडव्या फिरणाऱ्या पात्यांनी गवत कापायचं अवजार) जोडून कापायला घेतात, आणि डिझेल वाचावं म्हणून रेस कमी ठेवतात. मला हे फार खटकतं, कारण गवत अर्धवट कापलं जातं आणि त्याच ओळीत परत फिरावं लागलं की वाचलेलं डिझेल तिथेच जातं.

विळ्याने कापताना आपण डाव्या मुठीत गवत घट्ट धरतो, मग विळा ओढतो. मूठ सोडली आणि विळा हळू फिरवला तर गवत नुसतं वाकतं. स्लॅशरमध्ये मूठ नाहीच, त्यामुळे पातं इतक्या झपाट्याने यायला हवं की काडीला वाकायला वेळच मिळू नये, सगळा खेळ तेवढाच आहे.

आता हिशोब बघू. असे बहुतेक स्लॅशर पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या अवजार फिरवणाऱ्या दांड्याच्या, मिनिटाला 540 फेऱ्यांसाठी बनवलेले असतात, पुढे स्लॅशरचा गिअरबॉक्स ते फेरे वाढवतो. समजा पाती 1000 फेऱ्यांनी फिरतायत आणि टोकापासून टोकापर्यंत दीड मीटर आहे, तर टोकाचा वेग ताशी 280 किलोमीटरच्या आसपास जातो! रेस उतरवून पीटीओ 405 वर आणला तर वेग पाऊणपट राहतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते, म्हणून ती 56 टक्केच उरते. पाती बोल्टवर मोकळी असतात, त्यांना ताणून सरळ धरणारं बळ पण तेवढंच घटतं, मग जाड गवतात पाती मागे दुमडतात.

540 फेरे इंजिनच्या किती आरपीएमला मिळतात ते प्रत्येक ट्रॅक्टरचं वेगळं, बऱ्याच मॉडेलच्या मीटरवर पीटीओची खूण असते, नाहीतर मॅन्युअलमध्ये आकडा असतो. पीटीओ कमी रेसवर जोडायचा, मग हात ॲक्सिलेटर सावकाश वाढवून काटा खुणेवर आणायचा आणि तिथेच ठेवायचा. गवत दाट लागलं की गव्हर्नर आपोआप जास्त डिझेल सोडून फेरे सांभाळतो, पण आवाज बसायला लागला, काळा धूर यायला लागला तर खालचा गिअर टाका. पुढे जायचा स्पीड गिअरने ठरवायचा, रेसने नाही. दोन पाती, 1000 फेरे आणि ताशी 5 किलोमीटर म्हणजे दर 4 सेंटीमीटरला एक काप, 10 ने पळवलात तर 8 सेंटीमीटरला, मग मधलं गवत राहणारच.

खुणेच्या वर रेस नेऊ नका, बेअरिंग आणि जॉइंटवर ताण येतो आणि दगड लागला तर गोळीसारखा उडतो. आणि पीटीओ बंद केला तरी पाती लगेच थांबत नाहीत, गवत अडकलेलं दिसलं तरी इंजिन बंद करून किल्ली खिशात टाका, पाती पूर्ण थांबल्याशिवाय खाली वाकू नका.