कुरूचं शेत

देवळाच्या मंडपात पुराण लागतं, 'धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे' कानांवर पडतं आणि डोळ्यांपुढे रथ, शंख, धूळ उभी राहते. नांगर कुणालाच दिसत नाही. नावात मात्र नांगरच आहे. क्षेत्र म्हणजे शेत. गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत आपण बोलतो तो 'शेत' शब्द त्याच 'क्षेत्र'चा झिजून उरलेला.

महाभारताच्या शल्यपर्वात कथा आहे. कौरव-पांडवांचा पूर्वज कुरू ही जमीन नांगरत बसला होता. इंद्राने विचारलं, कशासाठी? इथे मरेल तो स्वर्गात जावा म्हणून, कुरू म्हणाला. इंद्र हसून गेला, पुन्हा आला, पुन्हा हसला. गडी काही नांगर सोडेना. मग देवांना धास्ती पडली, की यज्ञावाचून माणसं स्वर्गात शिरू लागली तर आपला हविर्भाग बुडाला! शेवटी तडजोड झाली: उपास करून देह ठेवील किंवा लढता पडेल, त्यालाच स्वर्ग. वामनपुराणात हीच गोष्ट अंगावर येते. तिथे सोन्याचा नांगर, जुंपलेला शिवाचा बैल आणि यमाचा रेडा. पेरणार काय? तप, सत्य, क्षमा, दया अशी आठ अंगं. बी कुठे आहे? माझ्या देहात, म्हणून कुरूने हात पुढे केला आणि विष्णूने तो चक्राने तोडला.

या भूमीचं आणखी एक नाव समंतपंचक. एकवीस वेळा क्षत्रिय संपवून परशुरामाने तिथे रक्ताची पाच तळी केली, असं आदिपर्व सांगतं. हा परशुराम आपल्या घरचाच. त्याचा बाण पडला ती बाणावली, देऊळ पैंगीणला. तिकडे रक्ताची तळी, इकडे समुद्र हटवून दिलेली जमीन; आपल्या वाट्याला त्याचा बरा हात आला म्हणायचा.

आज ही भूमी हरियाणात आहे. जुनं गाव ठाणेसर; कुरुक्षेत्र नावाचा जिल्हा झाला तो १९७३ साली.

महाभारतात कुरूची ही कथा ऋषी सांगतात ती बलरामाला. युद्ध नको म्हणून तीर्थयात्रेला निघालेला आणि हत्यार म्हणून नांगरच बाळगणारा हा माणूस. यात्रा संपवून तो परतला, तर भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध सुरू होणार होतं. भीमाने मांडीवर घाव घातला तेव्हा बलराम नांगर उगारून धावला. कृष्णाने त्याला मिठी घालून आवरलं.