आइसलँडमधील लोकर-वापर

आइसलँड या उत्तर अटलांटिकमधील बेटावर मेंढीच्या लोकरीचा वस्त्र, विनिमयाचे साधन, निर्यातमाल व अलीकडे पर्यटकांची खरेदी अशा रूपांनी होत आलेला उपयोग. नवव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आलेल्या नॉर्स वसाहतकारांनी सोबत आणलेल्या आखूड शेपटीच्या मेंढ्यांचा वंश तेथे बाहेरच्या जातींशी फारसा संकर न होता टिकला आहे. तंतुपिकांना हवामान प्रतिकूल असल्याने घरच्या कापडासाठी लोकरीवाचून दुसरे साधन जवळपास नव्हतेच.

या मेंढीच्या अंगावर लोकरीचे दोन थर असतात. बाहेरचा ‘तोग’ लांब, जाडसर, चकचकीत व पाणी निथळून टाकणारा. आतला ‘थेल’ आखूड, मऊ व ऊब धरून ठेवणारा. पूर्वी हे थर हाताने वेगळे करीत. तोगापासून ताण्याचे पीळदार सूत, दोर व भरतकामाचा धागा, तर थेलापासून अंगालगतचे कपडे आणि नाजूक शाली तयार होत. रंग पांढरा, काळा, करडा किंवा तपकिरी असा नैसर्गिकच असे. तेथील लोकर-वापरातील बरेचसे बदल या दोन थरांची वाटणी कशी केली गेली यावरून उलगडतात.

मध्ययुगात उभ्या मागावर, ताण्याला दगडांची वजने बांधून, ‘वादमाल’ नावाचे ट्वील (तिरप्या रेषांच्या) विणीचे कापड विणले जाई. विणकाम मुख्यतः स्त्रियांकडे होते. ग्रौगौस या विधिसंग्रहात वादमालाचे मान ठरलेले आढळते : रुंदी दोन एल (जुनी एल सुमारे अर्धा मीटर) आणि अशा सहा एल लांबीच्या कापडाचे मूल्य एक ‘कायद्याचा औंस’ (हिशेबाचे एक एकक). चांदी दुर्मिळ होत गेली तसे कर, दंड व देणी या कापडात भागवली जाऊ लागली. कापडाचा हा चलनी दर्जा नेमका केव्हा पक्का झाला याविषयी एकमत नाही. तथापि उत्खननांत मिळालेल्या तुकड्यांची वीण मध्ययुगात अधिकाधिक एकसारखी होत गेलेली दिसते, त्यामुळे अकराव्या-बाराव्या शतकांकडे झुकणारे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याआधी लोंबत्या झुपक्यांचे लोकरी झगे परदेशी जात. नॉर्वेच्या एका राजाने असा झगा घेतला आणि मग जहाजावरचा सगळा माल हातोहात खपला, अशी कथा आहे. राजाला मिळालेले ‘करडा झगा’ हे टोपणनाव तिच्याशी जोडतात, पण ती घटनेनंतर दोनेक शतकांनी लिहिली गेली आहे. चौदाव्या शतकात सुकवलेल्या माशाने निर्यातीत वादमालाला मागे टाकले.

सुयांवरचे विणकाम बेटावर सोळाव्या शतकात, बहुधा इंग्रज, जर्मन किंवा डच व्यापाऱ्यांमार्फत पोहोचले, असे वस्त्र-इतिहासकार एल्सा गुद्योन्सोन यांचे प्रतिपादन आहे. दक्षिणेकडील स्तोराबोर्ग येथे सापडलेला हातमोजा त्या शतकाच्या पूर्वार्धातील मानला जातो. नवे तंत्र फार वेगाने पसरले. १६२४ मध्ये पायमोज्यांच्या ७२ हजारांहून अधिक जोड्या निर्यात झाल्याची नोंद आहे. उभा माग सांभाळण्यापेक्षा सुया सोप्या. शिवाय हिवाळी संध्याकाळी एकत्र बसून पुरुष व मुलेही विणत. डॅनिश व्यापारी मक्तेदारीच्या काळात (१६०२–१७८७) हा माल धान्याच्या बदल्यात देता येई.

१७५१ मध्ये स्कूली माग्नूसोन यांच्या पुढाकाराने रेक्याव्हीक येथे निघालेल्या कार्यशाळांनी चरखे व आडवे माग आणले. त्याच सुमारास लोकर सुधारण्यासाठी आयात केलेल्या मेंढ्यांबरोबर खरजेची साथ आली आणि कळपांची मोठी हानी झाली. १७८३ च्या लाकी ज्वालामुखी-उद्रेकानंतर तर देशातील सुमारे ८० टक्के मेंढ्या मेल्या.

यंत्रयुग उशिरा आले. आउलाफोस ही गिरणी १८९६ मध्ये सुरू झाली, आक्यूरेरी येथेही त्याच सुमारास गिरणी निघाली. पिंजणयंत्रातून तोग व थेल एकत्रच बाहेर पडू लागल्याने थर वेगळे करण्याचे कष्ट वाचले, पण त्यांवर उभे असलेले जुने कौशल्यही मागे पडले. पिंजलेल्या लोकरीची पीळ न दिलेली सैल वात म्हणजे ‘लोपी’. ती खरे तर कताईपूर्वीची मधली अवस्था. काही स्त्रियांनी कताई गाळून थेट तिचेच विणकाम सुरू केले आणि १९२० च्या दशकात ही रीत पसरली. लोपी सुटी असताना सहज तुटते, पण विणल्यावर तंतू एकमेकांत गुंतून कपडा हलका व उबदार होतो.

‘लोपापेयसा’ या स्वेटरच्या गोल नक्षीदार खांदपट्ट्याचा उगम हा सर्वाधिक वादाचा विषय आहे. ग्रीनलँडच्या स्त्रियांच्या पोशाखातील मण्यांची रुंद कॉलर, स्वीडनमधील बोहुस कार्यशाळेचे (१९३९–६९) गोल खांदे, नॉर्वेतील नमुने असे अनेक स्रोत सुचवले गेले आहेत. लेखक हालदोर लाक्सनेस यांच्या पत्नी आउदुर लाक्सनेस यांना दक्षिण अमेरिकी नक्ष्यांवरून ही कल्पना सुचली, असेही सांगितले जाते. ही कथा लोकप्रिय असली तरी एकाच व्यक्तीकडे श्रेय देणे धाडसाचे ठरेल. रचना पाहिली तर धड व दोन बाह्या गोल सुईवर नळीसारख्या विणून काखेपाशी जोडतात, मग गळ्याकडे टाके घटवत जातात. टाके घटवण्याच्या फेऱ्या नक्षीच्या ओळींमध्ये लपवता येतात, म्हणून वर्तुळाकार पट्टा सोयीचा. हे तंत्र स्कँडिनेव्हियातून आले असण्याचा संभव अधिक. लोपी आणि न रंगवलेल्या लोकरीच्या छटा मात्र स्थानिकच. हा नमुना १९५० च्या दशकात रुळला.

१९७० व ८० च्या दशकांत गिरण्यांची मोठी निर्यात सोव्हिएत संघाकडे होई. ती बाजारपेठ ढासळल्यावर आउलाफोस १९९१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी इस्टेक्स ही शेतकऱ्यांचा सहभाग असलेली कंपनी स्थापन झाली. तिची लोकर-धुलाई ब्लोन्दुओस येथे होते. मेंढ्यांची संख्या १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून निम्म्याहून खाली आली आहे. त्यांचे पालन आता प्रामुख्याने मांसासाठी होते, लोकर हे दुय्यम उत्पन्न. २००८ च्या आर्थिक संकटानंतर हातविणीला घरोघरी पुन्हा जोर आला, पाठोपाठ पर्यटकांची मागणी वाढली. काही विक्रेत्यांनी आइसलँडची लोकर परदेशात पाठवून स्वेटर विणून घेतले, त्यावरून वाद झाला. २०२० मध्ये ‘आइसलँडिक लोपापेयसा’ या नावाला कायदेशीर संरक्षण मिळाले : लोकर आइसलँडच्या मेंढीची, वीण हाताची आणि तीही आइसलँडमध्येच केलेली. जाडीभरडी लोकर मात्र आजही गालिच्यांसाठी परदेशी जाते.