आयशा करायचाय? आधी हात कुठे आणि कसा धरायचा ते बघू (आमच्या विद्यार्थ्यांसाठी माहिती)

पोल डान्समध्ये इन्व्हर्ट, म्हणजे पोलवर उलटं होणं, जमायला लागला की जवळजवळ प्रत्येक जण फोनवर एखादा व्हिडिओ दाखवतो आणि म्हणतो, मला हे असंच्या असं पाहिजे. व्हिडिओ छानच असतो, पण त्यातला खांदा तुमचा नाही, मनगटही तुमचं नाही, म्हणून हे पान काढलंय. बॅगेत ठेवा आणि क्लासच्या आधी एकदा तरी वाचा.

आयशा म्हणजे उलटं होऊन पाय पोलवरून सोडायचे आणि फक्त दोन हातांवर शरीर बाजूला तोलून धरायचं. यात वरचा हात ओढतो आणि खालचा ढकलतो, कारण पोलपासून बाजूला गेलेलं वजन तुम्हाला फिरवून खाली आणायला बघत असतं आणि ते थांबवायचं काम या दोन हातांच्या उलट-सुलट जोरावर चालतं. दोन हातांत अंतर जितकं जास्त तितका प्रत्येक हाताला जोर कमी लागतो, लांब दांड्याच्या पान्याने नट सहज फिरतो ना, तसंच. हात फार जवळ धरून 'माझ्यात ताकदच नाही' म्हणणारे खूप जण आमच्याकडे येतात आणि फक्त वीतभर अंतर वाढवलं की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटतं. पण अति लांबही नको, वरचा हात पूर्ण ताणला गेला की खांदा सैल पडतो आणि सगळं वजन सांध्यावर लटकतं. बेसबॉल ग्रिप, म्हणजे दोन्ही हात बॅट धरल्यासारखे एकाला एक लागून, ही इन्व्हर्टला आणि पुलअपला मस्त आहे पण आयशाला नाही, कारण तिच्यात अंतरच नाही.

सुरुवात आम्ही एल्बो ग्रिपने करतो. वरच्या हाताच्या कोपराची आतली घडी पोलभोवती अडकवायची आणि खालच्या हाताने ढकलायचं. बोटांवर काही अवलंबून नाही त्यामुळे तळव्यांना घाम येणाऱ्यांना ही देवासारखी वाटते. कोपरात चिमटा बसतो, निळे डाग पडतात, ते काही दिवसांत जातात. पण बोटांना मुंग्या आल्या तर लगेच पाय पोलवर घ्या आणि खाली या, 'अजून दोन सेकंद' असं करू नका, नस दाबली जात असते.

दुसरी फोरआर्म ग्रिप. इथे खालच्या हाताचा मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग पोलला टेकलेला असतो. आधाराची जागा मोठी झाल्याने एकट्या मनगटावर भार येत नाही, म्हणून दिवसभर लॅपटॉपवर काम करून ज्यांचं मनगट आधीच कुरकुरतंय त्यांनी इथेच भरपूर वेळ घालवावा, घाई कशाला.

मग स्प्लिट ग्रिप. खालच्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट पोलवर सरळ खाली रोखलेलं, वरच्या हाताचा अंगठा वर. वरच्या हाताची ही जी पकड आहे ना, पोलसमोर उभं राहून धरताना अंगठा आभाळाकडे, तिलाच ट्रू ग्रिप म्हणतात. हिच्यात खांदा बाहेरच्या बाजूला वळलेला राहतो आणि ती मिळवायला वेळ लागतो. लोकांना आधी हिचाच राग येतो कारण जोर जास्त लागतो, पण तो जोर स्नायूंचा असतो, सांध्याचा नाही, आणि आम्हाला तुमच्याकडून तेच हवंय.

कप ग्रिपमध्ये अंगठा पोलला वळसा घालत नाही, चारही बोटांच्या बाजूलाच राहतो. मनगट जरा मोकळं राहतं म्हणून अनेकांना बरं वाटतं. पण अंगठ्याची कडी नसल्याने सगळं घर्षणावर आलं, तळवा ओला असेल तर त्या दिवशी नको.

आता ट्विस्टेड ग्रिप, जिच्यावरून क्लासमध्ये सगळ्यात जास्त वाद होतात. वरचा हात आतल्या बाजूला पिळून धरायचा, अंगठा जमिनीकडे. हँडस्प्रिंग, म्हणजे जमिनीवरून झेप घेऊन थेट हातांवर उलटं होणं, शिकताना ही सगळ्यात सोपी वाटते, कारण खांदा पिळल्यावर आपोआप अडकल्यासारखा होतो आणि कमी ताकदीतही पाय वर जातात. पण हात डोक्यावर, खांदा आत वळलेला आणि त्यावर अख्खं वजन, म्हणजे खांद्याच्या वरच्या हाडाखालची जागा आवळून तिथले स्नायूबंध दाबले जाऊ शकतात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात व्हिडिओ बघून हीच पकडली होती. हँडस्प्रिंग आला, पण त्यानंतर कित्येक महिने डाव्या कुशीवर झोपता येत नव्हतं आणि ब्लाउजचे मागचे हुक लावताना कळ यायची. त्यामुळे आमच्याकडे ही पहिली शिकवली जात नाही. मागायची असेल तर आधी ट्रू ग्रिपमध्ये दोन्ही बाजूंनी स्थिर आयशा दाखवा, मग बोलू.

घरी एक चाचणी करा. भिंतीला पाठ लावून उभं राहा, कोपर सरळ ठेवून दोन्ही हात वर न्या आणि अंगठे भिंतीला टेकतात का बघा, कंबर भिंतीपासून उचलू न देता आणि फासळ्या पुढे न काढता. टेकत नसतील तर आधी खांदे मोकळे करू, ट्रू ग्रिप नंतर.

घामाचं काय? मल्लखांबाचे काही विद्यार्थी आमच्याकडे येतात आणि त्यांना वाटतं सगळं तसंच असेल. लाकडी मल्लखांबाचा घेर खाली साधारण ५५ सेंटीमीटर असतो, तो मुठीत येतच नाही, म्हणून तिथे साधी अढी, बगली अशा पायाच्या आणि काखेच्या पकडी आहेत, आणि वर एरंडेल लावतात. आमचा पोल ४५ मिलिमीटर जाडीचा, घेर जेमतेम १४ सेंटीमीटर, गुळगुळीत क्रोमचा, इथे तेल म्हणजे थेट जमिनीवर. (तरी त्यांचे खांदे आणि उलटं होण्याची निर्भयता बघून आनंद होतो, खरंच सांगते.) तर क्लासच्या दिवशी खोबरेल नको, लोशन नको, अंगठ्या आणि बांगड्या काढून या. पावसाळ्यात लिक्विड चॉक (हात कोरडे ठेवणारी पातळ खडू) लावा, पण पूर्ण वाळू द्या, ओल्या चॉकवर हात उलट घसरतो. थंडीत कातडी कोरडी पडली तर तीही घसरते, अशा वेळी चॉक न लावता आधी अंग नीट गरम करा. दर दोन प्रयत्नांनंतर स्पिरिट लावलेल्या नॅपकिनने पोल पुसायचाच, पुढच्याचाही विचार करा.

नवीन ग्रिप नेहमी लॉक केलेल्या पोलवर, खाली मॅट टाकून आणि आमच्यापैकी कुणी शेजारी उभं असतानाच करा, फिरत्या पोलवर शरीर बाहेर ओढलं जातं आणि हातावरचा भार वाढतो. डावी-उजवी दोन्ही बाजू करा, नावडती बाजू आधी. दुसऱ्या दिवशी दंड दुखला तर ठीक, पण खांद्यात किंवा मनगटात टोचल्यासारखी कळ आली, किंवा रात्री दुखून जाग आली, तर डॉक्टरांना दाखवा आणि आम्हाला कळवा, तोपर्यंत पायांवरच्या मूव्ह्ज करू. जुनी दुखापत असेल, खांदा कधी निखळला असेल, तर फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहा किंवा क्लासआधी हळूच कानात सांगा, सगळ्यांसमोर बोलायची गरज नाही.