कल्पक पाऊल (एंजिनाच्या इंधनप्रणालीसंबंधी)

पेटंट मिळण्यासाठी शोध नुसता नवा असून भागत नाही. तो त्या विषयातील जाणकाराला सहज सुचण्याजोगा नसावा, या अटीला कल्पक पाऊल म्हणतात. अटीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. व्हेनिसच्या १४७४ च्या कायद्यात नव्या व कल्पक युक्तीचा उल्लेख असल्याने काही अभ्यासक आरंभ तेथवर नेतात; परंतु कारागिराचे कसब आणि शोधकाची कल्पकता यांत भेद करणारी कसोटी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १८५१ च्या, दारांच्या चिनी मातीच्या मुठींविषयीच्या निकालात प्रथम ठसठशीत दिसते आणि आरंभ तोच मानणे अधिक सयुक्तिक वाटते. भारतीय सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, भांडी लेथवर धरण्याच्या साधनाच्या वादात, केवळ कारखान्यातली सुधारणा पेटंटास पात्र नाही असे ठरवले. १९७० च्या भारतीय पेटंट अधिनियमातील सध्याच्या व्याख्येत तांत्रिक प्रगतीबरोबर आर्थिक महत्त्वही आले आहे. मात्र शोध सहज सुचणारा नसणे ही अट प्रगती तांत्रिक असो वा महत्त्व आर्थिक, दोन्हीकडे कायम राहते, असेच वाचन व्याकरणाला धरून आहे.

इंदूरच्या डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानात इंधन फवारणारे नोझल दाब तपासणाऱ्या टेस्टरवर चढवून हँडल दाबतात आणि फवारा ठरल्या दाबाआधीच सुटला, तर स्प्रिंगच्या टोकाशी जाड शिम (धातूची चकती) घालतात. एवढ्याच बदलावर पेटंट मागितल्यास ते टिकणार नाही, कारण शिमची जाडी व दाब यांचे नाते त्या बाकावर रोजचे आहे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले की जाणकार कोण, हा प्रश्न अवघड होतो. युरोपीय प्रथेत अशा वेळी एका व्यक्तीऐवजी यांत्रिकी व इलेक्ट्रॉनिकीच्या जाणकारांची जोडीही कल्पिता येते.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा या अटीविषयीचा २००७ चा एक निकाल अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलचा, म्हणजे इंधनप्रणालीच्या शेजारचा आहे. पुढेमागे सरकणाऱ्या पेडलच्या स्थिर खिळीवर संवेदक (सेन्सर) बसवल्याचा तो दावा होता. पाय टेकवण्याच्या पट्टीवर संवेदक ठेवल्यास हलत्या तारा घासतात आणि म्हणून तो न हलणाऱ्या भागावर असावा, हे आधीच्या साहित्यात नमूद होते. न्यायालयाने दावा सहज सुचणारा ठरवला आणि जुन्या गोष्टी एकत्र जोडण्याची सूचना आधीच्या साहित्यात लेखी सापडलीच पाहिजे हा ताठर आग्रह नाकारला. या निकालाने नंतर सुचलेल्या शहाणपणाला वाव मिळतो, ही टीका अगदीच निराधार नाही.

इंदूर-पीथमपूरकडील अर्जदारांचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. जाणकाराचे ज्ञान अर्जाच्या अग्रक्रम दिनांकाला, म्हणजे त्या शोधाचा पहिला अर्ज केल्याच्या दिवशी जेवढे होते तेवढेच, मोजतात. त्यामुळे १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराविषयीचे बीएस-६ निकष लागू होऊन दुचाकींतही इंधन अंतःक्षेपण (फ्युएल इंजेक्शन) सर्रास झाले असले, तरी कार्बोरेटरच्या काळातील अर्जावर आजच्या मेकॅनिकचे ज्ञान लादता येत नाही.