टँक

टँक : मूळ अर्थ बांधीव तळे वा जलाशय. भारतात वावरणाऱ्या युरोपीयांच्या लिखाणातून हा शब्द साधारणतः सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजीत शिरला. द्रव साठवण्याचे मोठे भांडे, हा आजचा रूढ अर्थ नंतरचा. बहुधा त्याच शतकाच्या उत्तरार्धातला.

व्युत्पत्तीविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार शब्दाचे मूळ गुजराती ‘टांकुं’, मराठी ‘टाके’ (जुने लेखन ‘टांकें’) यांत आहे. काही अभ्यासक त्यापलीकडे संस्कृत ‘तडाग’पर्यंत जातात, मात्र तेथवरची ध्वनिपरिवर्तने नीट जुळवता येत नाहीत. खडकात टाकीने (छिन्नीने) खोदले ते टाके, अशी सांगड घालण्याचा मोह मराठी वाचकाला होणारच. पण ध्वनिसाम्य म्हणजे पुरावा नव्हे. कान्हेरी व जुन्नर येथील लेण्यांतील प्राकृत लेखांत पाण्याच्या टाक्यासाठी ‘पोढी’ हा शब्द येतो, त्यामुळे ‘टाके’चे प्राचीनत्व ठरवायला तेही उपयोगी पडत नाहीत.

दुसरे मत पोर्तुगीज ‘तांके’कडे बोट दाखवते. हा शब्द प्रवाह अडवणे या अर्थाच्या ‘एश्तांकार’ या क्रियापदाशी जोडला जातो; तळे या अर्थाचा स्पॅनिश ‘एस्तांके’ त्याचाच भाऊबंद. या मताचे काही पुरस्कर्ते भारतीय शब्दच पोर्तुगीजांकडून आल्याचे म्हणतात. ते पटणे कठीण, कारण पश्चिम भारतात टाके हा शब्द पोर्तुगीज वावराच्या पट्ट्याबाहेर, घाटमाथ्यावरच्या किल्ल्यांवरही (उदा., शिवनेरीवरील गंगा-जमुना टाके) घट्ट रुजलेला आहे. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात शब्दाला भारतीय व युरोपीय असे दुहेरी मूळ असल्यासारखे दिसते, असे म्हटले आहे. दोन सारखे शब्द भेटून एक झाले, हेच अधिक संभवनीय वाटते.

जलाशय हा अर्थ दक्षिण आशियातील इंग्रजीत टिकून राहिला. मुंबईतील सी. पी. टँक, तसेच ऑगस्ट १९४२ मधील काँग्रेस अधिवेशनामुळे प्रसिद्ध झालेले गवालिया टँक, ही स्थलनामे त्यातलीच.

रणगाडा हा अर्थ पहिल्या महायुद्धातला. ब्रिटनमध्ये हे वाहन तयार होत असताना गुप्ततेसाठी त्याला पाण्याच्या टाकीचे नाव देण्यात आले (डिसेंबर १९१५). सॉमच्या लढाईत १५ सप्टेंबर १९१६ रोजी ते प्रथम रणांगणावर उतरले, पण नाव बदलले नाही.