मांजराचे कच्चे अन्न : गोठवण्याने काय होते आणि काय होत नाही

मांजराला घरी बनवलेले कच्चे अन्न देणारे बहुतेक लोक ते रोजच्या रोज तयार करत नाहीत. दोन-तीन आठवड्यांचे मांस एकदम आणायचे, त्याचा खिमा करायचा, त्यात पूरके मिसळायची, एकेका दिवसाची पाकिटे भरायची आणि फ्रीझरमध्ये ठेवून द्यायची, अशी ही रूढ पद्धत आहे. ती सोयीची आहे, पण तिच्यासोबत एक समजही घट्ट रुजला आहे : मांस गोठवले की त्यातले जंतू मरतात, म्हणून ते कच्चे दिले तरी चालते. हा समज अर्धाच खरा आहे, आणि त्यातला खोटा भाग कधी कधी मांजराइतकाच घरातल्या माणसांनाही महागात पडतो.

खरा भाग आधी पाहू. मांसाच्या वजनापैकी सुमारे 70 ते 75 टक्के पाणीच असते. तापमान शून्याच्या थोडे खाली उतरले की हे पाणी गोठू लागते, आणि त्यातले बहुतेक पाणी उणे 1 ते उणे 5 अंश सेल्सिअस या लहानशा टप्प्यात बर्फ होते. न गोठलेल्या पाण्यात क्षार दाटत जातात, पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते आणि बर्फाचे स्फटिक पेशींची आवरणे फाडतात. अनेक परजीवींना हे सोसत नाही. टोक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीचे मांसातले कोष उणे 18 अंशांत काही दिवस ठेवल्यास बहुतांशी निष्प्रभ होतात. डुकराच्या मांसातल्या ट्रिचिनेला या कृमीसाठी, मांसाची जाडी 15 सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास, उणे 15 अंशांत 20 दिवस ही मान्य मर्यादा आहे. मात्र थंड प्रदेशांतील वन्य प्राण्यांत आढळणाऱ्या ट्रिचिनेलाच्या काही जाती गोठवण्यालाही पुरून उरतात, त्यामुळे शिकारीच्या मांसाला हा नियम लावता येत नाही.

जीवाणूंचे गणित वेगळे आहे. उणे 18 अंशांत त्यांची वाढ थांबते आणि काही मरतात, पण पुष्कळसे नुसते निद्रिस्त होतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत जीवाणू वर्षानुवर्षे जपून ठेवायचे असतात तेव्हा ते ग्लिसरॉलमध्ये मिसळून उणे 80 अंशांवर गोठवूनच ठेवले जातात, एवढे सांगितले तरी पुरे. साल्मोनेला, ई. कोलाय आणि लिस्टेरिया फ्रीझरमधून जिवंत बाहेर येतात, आणि लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडाव्यातही सावकाश वाढत राहते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2010 ते 2012 या काळात पाळीव प्राण्यांच्या कच्च्या अन्नाचे 196 नमुने तपासले, तेव्हा 15 नमुन्यांत साल्मोनेला आणि 32 नमुन्यांत लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस सापडली. त्यात खिम्याची एक अडचण आहे. अखंड तुकड्यावर जीवाणू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, आणि खिमा करताना तोच पृष्ठभाग संपूर्ण लगद्यात मिसळला जातो.

विषाणूंना तर थंडी मानवतेच. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात कधीही घराबाहेर न जाणारे एक मांजर एच5एन1 या बर्ड फ्लूने मेले, आणि त्याने खाल्लेल्या गोठवलेल्या कच्च्या टर्की-अन्नातील विषाणूची जनुकीय रचना त्याच्या शरीरातील विषाणूशी जुळली. त्यानंतर जानेवारी 2025 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने कच्चे कोंबडीवर्गीय मांस किंवा गुरांपासून मिळणारे कच्चे पदार्थ वापरणाऱ्या उत्पादकांना आपल्या सुरक्षा-आराखड्यांत या विषाणूचा विचार करण्यास सांगितले. ज्या भागात पक्ष्यांमध्ये हा रोग पसरला असेल तिथे मांजराला पक्ष्यांचे मांस कच्चे देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात लहान मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती असेल तर कच्च्या अन्नाचा विचार मुळातच सोडावा, कारण मांजर वरवर ठणठणीत दिसत असतानाही त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला बाहेर पडत राहू शकते. अशा घरांसाठी शिजवलेले आणि नीट संतुलित केलेले अन्न हा चांगला पर्याय आहे.

संतुलन हाच घरगुती अन्नातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि जंतूंच्या भीतीपुढे त्याच्याकडे दुर्लक्ष होते. मांजर पूर्णतः मांसाहारी असल्यामुळे काही द्रव्ये त्याचे शरीर तयारच करू शकत नाही किंवा पुरेशी करत नाही. गाजरातल्या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवणे त्याला जमत नाही, आणि उन्हात कितीही लोळले तरी त्याच्या त्वचेत ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. यांतले सर्वांत महत्त्वाचे द्रव्य म्हणजे टॉरिन हे मांसातून मिळणारे, अमिनो आम्लासारखे द्रव्य. त्याच्या अभावी मांजराच्या डोळ्यांतील दृष्टिपटल झिजते हे 1975 मध्ये दाखवले गेले. हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याच्या आजाराचे कारणही हाच अभाव आहे, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये सिद्ध केले.

या शोधामुळे एका जुन्या प्रयोगाकडे नव्याने पाहावे लागले. फ्रान्सिस पॉटेंजर या डॉक्टरने 1932 ते 1942 या काळात कॅलिफोर्नियात शेकडो मांजरांवर आहाराचे प्रयोग केले, आणि शिजवलेले मांस खाणारी मांजरे पिढीगणिक दुबळी होत गेल्याचे नोंदवले. कच्च्या आहाराचे समर्थक आजही हा दाखला देतात. परंतु मांजराला टॉरिन आहारातूनच मिळावे लागते हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते, आणि शिजवताना पाण्यात उतरून टॉरिन निघून जाते. त्यामुळे त्या मांजरांचे हाल कच्चेपणाच्या अभावाने झाले की टॉरिनच्या, हे त्या प्रयोगावरून ठरवता येत नाही. उलट, डेव्हिस येथेच पुढे मांजरांना दळलेल्या संपूर्ण सशाचे कच्चे अन्न दिले गेले, तेव्हा त्यांतले एक मांजर टॉरिनअभावी झालेल्या हृदयविकाराने दगावले. कच्चेपणा म्हणजे परिपूर्णता नव्हे.

टॉरिन भरपूर असते ते हृदयात आणि कोंबडीच्या मांडीसारख्या गडद मांसात, तर छातीच्या पांढऱ्या मांसात ते बरेच कमी असते. तरीही शुद्ध टॉरिनची पूड मिसळणे हाच खात्रीचा मार्ग आहे. कॅल्शियमचेही असेच आहे. बिनहाडाच्या एक किलो मांसात साधारण 2 ग्रॅम फॉस्फरस असतो आणि कॅल्शियम जवळजवळ नसतेच. अशा आहारावर वाढणाऱ्या पिल्लाचे शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढून घेते आणि हाडे किरकोळ उडीनेही मोडतात. अंड्याच्या कवचाची बारीक पूड बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटच असल्याने किलोमागे 5 ते 6 ग्रॅम पूड ही तूट जवळपास भरून काढते. हाडांसकट दळलेल्या मांसात मात्र ती घालू नये. कलेजी थोडी हवीच, पण ती रोज भरपूर दिल्यास साठलेल्या अ जीवनसत्त्वाने मानेच्या मणक्यांवर हाडाची वाढ होऊन मान ताठते. काही कच्च्या माशांतील थायमिनेज हे विकर (एन्झाइम) ब1 जीवनसत्त्व नष्ट करते, आणि ही कमतरता फार वाढली तर मांजराची मान खाली झुकते व झटके येतात. सगळी मापे पशुआहारतज्ज्ञाकडून तपासून घेतलेल्या एकाच पाककृतीची असावीत आणि काट्यावर मोजलेली असावीत.

आता पाकिटांविषयी. मांस सावकाश गोठले तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी अधिक फाटतात आणि वितळताना लालसर पाणी जास्त सुटते. या पाण्याला रंग येतो तो रक्ताचा नसून स्नायूंतल्या मायोग्लोबिनचा असतो, आणि टॉरिन व ब जीवनसत्त्वे पाण्यात विरघळणारी असल्यामुळे तीही त्यातच उतरतात. म्हणून ते फेकून न देता अन्नातच मिसळावे. स्फटिक लहान ठेवण्यासाठी पाकिटे गोळ्यासारखी न भरता पोळीसारखी पातळ आणि सपाट करावीत. उष्णतेला मध्यापासून बाहेर यावे लागते, त्यामुळे जाडी निम्मी केल्यास गोठण्याचा वेळ निम्म्याहूनही कमी होतो. हवा दाबून काढावी, कारण हवेमुळे कडा कोरड्या पडतात आणि उणे 18 अंशांतही चरबी हळूहळू खवट होत राहते. याच कारणाने माशाचे तेल आधी न मिसळता वाढताना घालणे बरे. सगळी पाकिटे एकदम रचली तर मधली तासन्‌तास कोमट राहतात, म्हणून पहिल्या दिवशी ती एकमेकांपासून अंतर ठेवून मांडावीत.

वितळवणे फ्रीजमध्येच, सर्वांत खालच्या कप्प्यात आणि झाकणाच्या डब्यात करावे. ओट्यावर ठेवल्यास मधला भाग बर्फ असतानाच कडांवर जीवाणूंची वाढ सुरू होते. थंडगार अन्नाला वास कमी असल्याने मांजर ते नाकारते, अशा वेळी बंद पाकीट काही मिनिटे कोमट पाण्यात धरावे. हाडे दळलेले अन्न मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये, कारण शिजलेल्या हाडाचे तुकडे टोकदार होतात. अर्ध्या तासात न खाल्लेले अन्न टाकून द्यावे आणि वाडगा साबणाच्या गरम पाण्याने धुवावा.

आहार बदलताना घाई करू नये. नव्या अन्नाकडे पाठ फिरवून दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. म्हणून जुन्या अन्नाचे प्रमाण कित्येक दिवसांत थोडे थोडे कमी करावे. पुढेही पशुवैद्याकडून रक्तातील टॉरिन, डोळ्यांचा पडदा आणि हृदय वेळोवेळी तपासून घ्यावे. टॉरिनची कमतरता लक्षात येण्यास अनेक महिने लागतात. त्या काळात हृदयाला झालेली इजा वेळीच टॉरिन दिल्यास बहुधा भरून येते, दृष्टिपटलाची मात्र भरून येत नाही.