डासाचे आयुष्य आणि दोन ताप

डेंग्यू आणि चिकुनगुन्या हे दोन्ही ताप प्रामुख्याने एडिस इजिप्ती या डासाची मादी पसरवते, आणि दोन्हींची साथ एकाच पावसाळ्यात आली की काही रुग्णांच्या रक्तात दोन्ही विषाणू एकाच वेळी सापडतात. डास एकच असल्यामुळे फवारणीने दोन्ही साथी सारख्याच ओसरतील, असे वाटणे साहजिक आहे. गणित मात्र तसे सांगत नाही.

1897 मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनी पुढे समीकरणांच्या आधारे दाखवले, की साथ थांबवण्यासाठी झाडून सारे डास मारावे लागत नाहीत; त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी पुरते. 1950 च्या दशकात हिवतापतज्ज्ञ जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी या मांडणीत मादीच्या आयुष्याचे महत्त्व अधोरेखित केले. रुग्णाला चावलेली मादी लगेच रोग पसरवू शकत नाही. विषाणू तिच्या लाळग्रंथींत पोहोचेपर्यंत तिला जगावे लागते.

डेंग्यूच्या विषाणूला त्यासाठी 10 आणि चिकुनगुन्याच्या विषाणूला 4 दिवस लागतात, असे उदाहरणापुरते धरू. (प्रत्यक्षात हा काळ तापमानानुसार बदलतो, पण चिकुनगुन्या सहसा अधिक घाईचा.) मादी आजचा दिवस काढून उद्या जिवंत असण्याची शक्यता 90 टक्के असेल, तर 10 दिवस तगणाऱ्या माद्या सुमारे 35 टक्के भरतात. फवारणीने ही शक्यता 80 टक्क्यांवर आणली, तर त्या जेमतेम 11 टक्के उरतात. 4 दिवस तगणाऱ्यांचे प्रमाण मात्र 66 वरून 41 टक्क्यांवरच येते. तगलेल्या मादीचे पुढचे आयुष्यही आखूड होते हे हिशेबात घेतले, तर दर मादीमागे डेंग्यूचा प्रसार सुमारे सातव्या हिश्शावर येतो. चिकुनगुन्याचा तिसऱ्या हिश्शाच्या किंचित खाली.

दोन्ही साथी एकत्र मांडायच्या, तर प्रत्येक तापाच्या लागण न झालेले, आजारी आणि बरे झालेले या 3 गटांच्या जोड्या लावून माणसांपुरतेच 9 गट होतात, आणि डेंग्यूचे 4 उपप्रकार वेगळे धरले की हा पसारा संगणकाशिवाय आवरत नाही.

चावे कमी करण्याचा हिशेब मात्र दोन्ही तापांना सारखाच लागू पडतो. प्रसारासाठी मादीला आधी रुग्णाला आणि मग निरोगी माणसाला असे दोनदा चावावे लागत असल्याने चावे निम्मे झाले, की प्रसार चौथ्या हिश्शावर येतो. धुराचा परिणाम फार काळ टिकत नाही. एडिस दिवसा चावत असल्यामुळे तापाच्या रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवणे म्हणूनच दोन्ही तापांच्या समीकरणांत मोलाचे ठरते.